बंदरात अजून बावटा का लावतात? दवंडीपासून डिजिटलपर्यंत

पावसाळा तोंडावर आला, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्राने रंग बदलला, की कोकणातल्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते: 'बंदरात तीन नंबरचा बावटा'. रत्नागिरी, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ला, बंदराचं नाव तेवढं बदलतं. किनाऱ्यावरच्या माणसाला ती बातमी एका नजरेत कळते. घाटावरच्या वाचकाला मात्र दोन प्रश्न पडतात. तीन नंबर म्हणजे नक्की काय? आणि प्रत्येक खलाशाच्या खिशात मोबाइल असताना खांबावर खुणा चढवायच्या कशाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींचं आहे. दुसऱ्यासाठी दगड, तोफ, टपाल, तार, रेडिओ असं करत करत फायबरपर्यंत यावं लागतं. या सगळ्या वाटेवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. माध्यम जितकं वेगवान, तितकी त्याच्यामागची साखळी लांब, आणि ती साखळी तुटेपर्यंत कुणाला दिसत नाही.

## बावटा वाचायचा कसा

बावटा म्हटलं की फडकं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात दिवसा खांबावर शंकू आणि नळकांड्यांसारखे आकार टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. त्यांच्या मांडणीवरून १ ते ११ असे नंबर ठरलेले आहेत. १ आणि २ म्हणजे गडबड आहे, पण दूर समुद्रात. बंदराला धोका नाही, मात्र बंदर सोडून निघणाऱ्याने विचार करावा. ३ म्हणजे जोराच्या वाऱ्यापावसाचा त्रास खुद्द बंदराला होऊ शकतो. ४ म्हणजे वादळाची टांगती तलवार बंदरावर आहे. ५, ६, ७ धोक्याचे. वादळ बंदराच्या डावीकडून जाणार, उजवीकडून जाणार, की थेट अंगावर येणार, हे त्यातून कळतं. ८, ९, १० मध्ये तेच, पण वादळ महाभयंकर.

आणि ११? अकरा नंबर वादळाविषयी पक्कं असं काही सांगतच नाही. त्याचा अर्थ: हवामान खात्याशी आमचा संपर्क तुटला आहे, आणि इथल्या अधिकाऱ्याच्या अंदाजाने हवा बिघडण्याची भीती आहे. 'आम्हाला काही कळेनासं झालंय' हेच कळवण्यासाठी एक वेगळी खूण राखून ठेवली आहे! काही बंदरांवर अकराच्या अकरा खुणा न वापरता पाचांवरच भागवतात: ३, ४, ७, १० आणि ११. काटछाट करतानाही अकरा नंबर कुणी काढला नाही. माझ्या मते अख्ख्या यंत्रणेतली सर्वांत शहाणी खूण तीच. आजच्या फोनला हे जमत नाही. रेंज गेली की तो नुसता गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असाही लावता येतो.

## निरोपाला काय काय लागतं

कुठलाही निरोप घ्या, त्याला चार गोष्टी लागतात. पाठवणारा, घेणारा, निरोप वाहून नेणारं काहीतरी आणि दोघांनी आधीच ठरवलेला संकेत. वाहून नेणारं ते माध्यम: हवा, दगड, कागद, तार, प्रकाश. संकेत म्हणजे कुठल्या खुणेचा काय अर्थ घ्यायचा याबद्दलचा करार. लिपी हा संकेत, बावट्याचे नंबर हा संकेत, ढोलाचे ठरावीक ठोकेही संकेतच.

संकेत हरवला की काय होतं, हे बघायला कोकणासारखी जागा नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी माळांवर, कातळात कोरलेली शेकडो चित्रं आहेत: मासे, हरणं, माणसं, भौमितिक आकृत्या. कशेळीचा हत्ती तर एवढा प्रचंड की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. माध्यम इतकं टिकाऊ की हजारो पावसाळे झेलून उभं आहे. पण कुणी, कुणासाठी, काय सांगायला कोरलं, ते आज कुणालाही खात्रीने सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण अलिबागजवळच्या अक्षीचं. तिथल्या शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा काळ वाचला गेला आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. दगड तोच, पण लिपी वाचता येते, म्हणून दान आणि ते मोडणाऱ्याला दिलेला शाप हजार वर्षांनीही कळतो. तेव्हाचे लोक प्रेक्षकाचाही विचार करत. ज्याला अक्षरओळख नाही त्यानेही घाबरावं म्हणून अनेक ठिकाणी अशा दगडांवर गाढवाचं अश्लील चित्र कोरलेलं असे. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. निरक्षरांसाठी वेगळी आवृत्ती काढायची कल्पना आजच्या सरकारी जाहिरातींपेक्षा नक्कीच जुनी आहे.

दगडाची अडचण एकच: तो हलत नाही. वाचणाऱ्यालाच त्याच्याकडे जावं लागतं.

## पायांचा वेग, आवाजाचा पल्ला

निरोप हलवायचा तर शतकानुशतकं दोनच मार्ग होते. एक म्हणजे माणूस पाठवा. दुसरा म्हणजे लांबून ऐकू येईल किंवा दिसेल असं काही करा.

गावात दवंडी पिटायची. एकाच्या तोंडून एकाच वेळी अख्ख्या वाडीला कळतं, कुणाचा पत्ता लागत नाही, कुणाला वाचता यावं लागत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल. किल्ल्यांवरून तोफांचे बार काढायचे. तोफ वेगवान खरी, पण तिला बोलता येतं फार थोडं: बार झाला, किंवा झाला नाही. बाकी सगळा मजकूर आधीच ठरलेला हवा.

माणूस पाठवला तर हवा तेवढा मजकूर जातो, पण पायांच्या वेगाने. त्यातही कोकणाची रचना अशी की दर काही कोसांवर एक खाडी आडवी. जासूद कितीही तगडा असो, तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीपाशी, पोचला की तरवाल्याची आणि भरतीची वाट बघत बसायचा.

आता वादळाचा हिशेब मांडा. आतला वारा कितीही घोंघावत असला तरी अख्खं वादळ समुद्रावरून बहुतेक वेळा ताशी १०-२० किलोमीटरच्या आसपास सरकतं, आणि ते रात्री थांबत नाही, तरीवर अडकत नाही. म्हणजे वेंगुर्ल्याने वादळ पाहिलं तरी हर्णैला सावध करायला निघालेला माणूस वादळाच्या मागेच राहणार. वादळाचा इशारा ही गोष्टच तेव्हा अशक्य होती. ज्ञान नव्हतं म्हणून नव्हे. कोळ्यांना आभाळ आणि लाट वाचता येत होती, पण ते ज्ञान वादळाच्या पुढे पळू शकत नव्हतं.

## छापखाना: वेग नाही, प्रती

मध्ये छापखान्याचा टप्पा येतो. त्याने निरोप वेगवान केला नाही, स्वस्त आणि अनेक केला. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, पण मराठी वर्तमानपत्र निघायला ६ जानेवारी १८३२ उजाडला. ते 'दर्पण', आणि काढणारे बाळशास्त्री जांभेकर मूळ देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. छापील पान मुंबईहून खाली यायला मात्र गलबतं, आगबोटी आणि टपालवाल्याचे पायच लागत.

## टपाल: माणूसच माध्यम

१८५४ पासून देशभर एकसारखं टपाल तिकीट आलं. खरा बदल दराचा होता: पत्र किती लांब जातं यापेक्षा त्याचं वजन किती, यावर पैसे. १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू झाली आणि कोकणासाठी ती टपालाहून मोठी ठरली. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशांवर गावाकडच्या चुली पेटत. म्हणून तर 'मनिऑर्डरवर जगणारं कोकण' हे शब्द रूढ झाले.

त्या मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटासा तुकडा असे, निरोपासाठी. चार-दोन ओळींची जागा. 'सर्व खुशाल. कौलं शाकारून घ्या. पुढच्या महिन्यात जास्त पाठवतो.' पैसा आणि मजकूर एकाच कागदावरून यायचा, आणि घरात वाचणारं कुणी नसेल तर पोस्टमनच वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, उलट पत्रही लिहून द्यायचा. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा माणूस सहसा येत नाही. पण निरक्षर गावात पोस्टमन वगळला तर टपाल खातं म्हणजे नुसती कागदांची वाहतूक होती.

## तार वादळाच्या पुढे धावली

अमेरिकेत मोर्सने १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार पाठवली. आपल्याकडे ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्यात त्याआधी, १८३९ मध्येच, तारेचे प्रयोग केले होते. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले गेले आणि सामान्यांनाही तार करता येऊ लागली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी केबल टाकली आणि लंडनची खबर मुंबईला यायला आठवडे लागत ते मिनिटा-तासांवर आलं.

मोर्सच्या संकेतात दोनच खुणा, टिंब आणि रेघ. मजकूर त्यांत मोडायचा, विजेच्या ठोक्यांत पाठवायचा, पलीकडे पुन्हा जुळवायचा. इतिहासात पहिल्यांदाच निरोप माणसापासून सुटला. आता तो घोडा, बोट, पाय यांपैकी कशाच्याही वेगाला बांधलेला नव्हता.

आणि म्हणून पहिल्यांदाच तो वादळाच्या पुढे पळू शकला. १८६४ च्या भीषण वादळानंतर कलकत्ता बंदरासाठी १८६५ मध्ये इशारे देण्याची पद्धत सुरू झाली, १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. ठिकठिकाणचा वायुदाब, वारा, पाऊस तारेने एका जागी गोळा करायचा, नकाशावर मांडायचा, पुढचं बंदर सावध करायचं. त्या बंदरातला अधिकारी तार वाचून खांबावर खूण चढवणार. बावटा ही वेगळी जुनाट गोष्ट नव्हेच. तारेच्या साखळीची ती शेवटची कडी आहे, जिथे विजेचा निरोप डोळ्यांना दिसणाऱ्या आकारात उतरतो.

कोकणी घरात मात्र तार म्हणजे काळजाचा ठोका. शब्दाशब्दाला पैसे, त्यामुळे तसंच काही असल्याशिवाय कोण करणार? मजकूर वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, मग कळायचं की पोरगा नोकरीला लागला. १५ जुलै २०१३ ला भारतातली तारसेवा बंद झाली.

## रामदास बोट आणि बिनतारी

तारेला तार लागते. समुद्रात ती नेणार कुठून? मार्कोनीने १८९५ च्या सुमारास बिनतारी संदेशाचं तंत्र उभं केलं, जगदीशचंद्र बोस त्याच काळात कलकत्त्यात रेडिओ लहरींची प्रात्यक्षिकं दाखवत होते. जहाजांना वाचा फुटली. सगळ्या जहाजांना नाही.

१७ जुलै १९४७. 'रामदास' ही प्रवासी आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. गटारी अमावस्येला घरी जाणाऱ्यांनी खचाखच भरलेली. वाटेत काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती उलथली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईपासून काही मैलांवर एवढा अनर्थ झाला, आणि दुपार उलटून जाईपर्यंत मुंबईला पत्ता नाही. खबर आणली ती पोहून वाचलेल्यांनी. जग लंडन-मुंबई मिनिटांत बोलत होतं, पण मुंबई-रेवस अंतर त्या दिवशी माणसाच्या पोहण्याच्या वेगानेच कापलं गेलं. माध्यमांची प्रगती सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही, आणि ती कुठे उशिरा पोचते हे बहुतेक वेळा प्रवाशाच्या तिकिटाच्या किमतीवर ठरतं.

रेडिओने पुढे दवंडीची युक्ती परत आणली: एक बोलतो, हजारो ऐकतात, पत्ता लागत नाही. मुंबईहून नियमित प्रसारण १९२७ मध्ये सुरू झालं. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर तो होडीतही गेला. सेलवर चालणारा, खाऱ्या हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो डबा मच्छीमारांसाठीच्या हवामानवार्ता सांगे. टीव्ही आला, गल्लीच्या टोकाला पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, पंधरा दिवसांनी सामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं.

## डिजिटल म्हणजे नेमकं काय

डिजिटल म्हणजे सगळं आकड्यांत मांडणं, तेही दोनच आकड्यांत: ० आणि १. अक्षर, फोटो, आवाज, पैसे, काहीही असो. तत्त्व तोफेचंच, बार झाला किंवा झाला नाही. फरक इतकाच की हे 'बार' सेकंदाला कोट्यवधी होतात. सगळंच आकडे झाल्यामुळे प्रत्येक गोष्टीला वेगळं माध्यम लागेनासं झालं. मनिऑर्डर, तार, पेपर, रेडिओ, बूथ हे सगळे एका काचेत शिरले.

दुसरी करामत म्हणजे तुकडे करणं. तुम्ही पाठवलेला फोटो अखंड जात नाही. गणपतीला एकाच घरचे वीस चाकरमानी गावी कसे येतात ते आठवा. चार जण कोकण रेल्वेने, सहा एसटीने, काही गाडीने पुण्यावरून, एखादा महामार्ग तुंबला म्हणून भलत्याच घाटाने. निघतात वेगवेगळे, रस्ते वेगवेगळे, आरतीला सगळे एका ओटीवर. कोण आलं नाही ते मोजून फोन लावायचा. इंटरनेट मजकुराचे असेच तुकडे करून मोकळ्या वाटेने सोडतं, पलीकडे मोजून जुळवतं, हरवलेला तुकडा पुन्हा मागवतं.

हे सगळं आकाशातून येतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक इंटरनेट वाहतूक आजही समुद्रतळाच्या केबलमधून होते. काचेच्या केसाएवढ्या तंतूंतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश पळतो आणि खोल समुद्रात अख्खी केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. यांतल्या बऱ्याच केबल मुंबईत वेसाव्याच्या किनाऱ्यावर येतात, जिथे शेजारीच कोळीवाड्यात बोंबील वाळत असतात.

## 'मोबाइल आहे की, मग बावटा कशाला?'

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलचा टॉवर जमिनीवर आहे. किनाऱ्यापासून साधारण १०-१५ किलोमीटरवर रेंज विरळ होत जाते, आणि ट्रॉलर त्याहून कितीतरी पुढे जातात. बोटीवरचा वायरलेस सेटही सरळ रेषेतच चालतो, पृथ्वीचा बाक आडवा आला की संपला. बावट्याचा उपयोग आहे तो तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जेटीवरून बोट सोडण्याआधी. त्या घडीला तो कुठल्याही चार्जिंगविना दिसतो.

दुसरी गोष्ट ३ जून २०२० ला दिसली. 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. इशारा आधी मिळाला होता, हजारो लोकांना हलवलं होतं. तिथवर आधुनिक माध्यमांनी उत्तम काम केलं. पण वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. टॉवरला वीज लागते, बॅटरी काही तासांची, जनरेटरला डिझेल, डिझेल आणायला रस्ता, आणि रस्त्यावर आंबे-पोफळी आडवे. फायबरही तुटलेलं. एक 'हॅलो' म्हणायला एवढ्या कड्या शाबूत लागतात, हे त्या आठवड्यात कळलं. टाळेबंदीत मुंबईत अडकलेली मुलं गावाकडच्या आईवडिलांचा पत्ता लागावा म्हणून तळमळत होती आणि खबर आणत होते ते मोटारसायकलवरून रेंजपर्यंत जाऊन येणारे शेजारी. पुन्हा जासूदच.

## 'पण आता उपग्रह आलाय ना?'

आलाय, आणि त्याने खरा फरक पडतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी बोटींसाठी उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपॉन्डरच्या योजनेचा प्रारंभ झाला, देशभरात १ लाख बोटींवर ते बसवायचे आहेत. रेंज नसलेल्या समुद्रातून छोटे संदेश दोन्ही बाजूंनी जाऊ शकतात. रामदासवर असं काही असतं तर, हा विचार मनात येतोच. तरी साखळी संपत नाही. उपग्रहाला जमिनीवरचं केंद्र लागतं, त्या केंद्राला वीज लागते, आणि बोटीवरचा डबा चालू ठेवणारा माणूस लागतो. हा डबा बोट कुठे आहे तेही दाखवतो, म्हणून परराज्यातल्या बोटी आणि किनाऱ्यावरची गस्त यांच्या झगड्यात 'आपण कुठे आहोत ते सरकारला का दाखवायचं?' असं म्हणणारेही आहेत. त्यांना हसून उपयोग नाही, पटवावंच लागेल.

## 'व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच कळतं की'

कळतं, आणि चुकीचंही कळतं. बावटा चढवण्याचा अधिकार बंदराच्या अधिकाऱ्यालाच असतो, फॉरवर्ड मात्र कुणीही करतं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळाचा व्हिडिओ 'आत्ताचा मालवण' म्हणून फिरतो तेव्हा माध्यम बिघडलेलं नसतं, पाठवणारा कोण हेच हरवलेलं असतं.

यावर तोडगा म्हणून २०२३ मध्ये देशभर फोन एकदम भोंग्यासारखे वाजवून चाचणी झाली. बरेच जण दचकले, हॅकिंग झालं म्हणाले. ते तंत्र म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, त्यामुळे गर्दीत तुंबतो. इथे टॉवर कुणाचाही नंबर न बघता एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन तो उचलतात. नेट लागत नाही, फोन सायलेंटवर असला तरी वाजू शकतो, आणि हवं तर ठरावीक तालुक्यापुरताच पाठवता येतो. टॉवर जिवंत हवा, एवढीच अट. म्हणून तो वादळाच्या आधीचा इशारा आहे, नंतरचा आधार नव्हे. नंतरच्यासाठी घरात सेलवरचा रेडिओ आणि जास्तीचे सेल ठेवा, दुकानात अजून मिळतात.

त्या चाचणीनंतर आवाजाला वैतागून अनेकांनी हे इशारे फोनमध्ये बंद करून टाकले आहेत. सेटिंगमध्ये आणीबाणी किंवा 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' असं शोधा आणि बटण चालू आहे ना बघा. गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या फोनवरही बघा. बहुतेक वेळा ते नातवाने बंद केलेलं असतं.